अर्ध्या गुणाचा शुक्रवार

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही, असं मला अमेरिकेत ओहायोत येईपर्यंत वाटायचं. शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, आणि मॅच झाली की दोन दोन दिवस एकमेकांशी न बोलणारे माझे दोन काका. इथे आले तर यांचा फुटबॉल हातात घेऊन पळायचा, आणि बॉलला पाय लावणारा पोरगा अख्ख्या टीममध्ये एखादाच. वेड मात्र तेच. मॅसिलन नावाच्या गावात मुलगा जन्मला की दवाखान्यातच त्याच्या पाळण्यात छोटासा फुटबॉल ठेवतात. हे बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं हाय की. आपल्यात हे सुचलं कसं नाही कुणाला?"

मी एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. पोरं मला 'मिसेस के.' म्हणतात; पूर्ण आडनावाचा नाद त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडला. ही गोष्ट २०२५ च्या हंगामातल्या दहाव्या शुक्रवारची. हंगामात मॅच दहा, म्हणजे हा शेवटचा शुक्रवार. आमची टीम पाच जिंकून चार हरलेली, आणि आमच्या रीजनमध्ये, म्हणजे आम्हाला ज्या शाळांच्या गटात टाकलंय त्यात, तेराव्या नंबरवर. प्लेऑफला जाणार बारा.

आदल्या वर्षापर्यंत सोळा जायच्या. २०२१ पासून तसं होतं, आणि यंदा राज्याच्या संघटनेने ते बारावर आणलं. नेमकं यंदाच.

तिसऱ्या तासाला वर्गात गेले तर फळ्यावर कुणीतरी रीजनचा तक्ता आधीच लिहून ठेवलेला. बाराव्या आणि तेराव्या नावाच्या मध्ये लाल रेघ. त्या दिवशी खरं तर प्रमाण विचलन शिकवायचं होतं. मी पुस्तक मिटलं.

इथला हिशेब सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९७२ च्या आधी ओहायोत हायस्कूल फुटबॉलचा राज्य विजेता मैदानावर ठरतच नव्हता. वार्ताहर मतं द्यायचे आणि त्यावरून पहिला नंबर जाहीर व्हायचा. मग जॅक हार्बिन नावाच्या गृहस्थाने गुणांची एक पद्धत बसवली आणि तिच्यावर प्लेऑफ सुरू झाले. अजूनही सगळे 'हार्बिन पॉइंट्स' असंच म्हणतात. शाळांच्या सात डिव्हिजन, पोरांच्या संख्येवरून. पहिल्या डिव्हिजनच्या शाळेला हरवलं तर साडेसहा गुण, दुसरीच्या सहा, असं अर्ध्या अर्ध्याने उतरत सातवीच्या शाळेला हरवलं तर साडेतीन. हरलात तर शून्य. ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी गमतीची: तुम्ही ज्यांना हरवलं, त्यांनी पुढेमागे ज्यांना ज्यांना हरवलं त्याचेही गुण तुमच्या खात्यात. मग सरासरी, चार दशांश स्थळांपर्यंत.

आपल्याकडे आयपीएलमध्ये नेट रनरेटसाठी शेवटच्या षटकापर्यंत ठोकत राहतात. इथे तसं काही नाही. ७-६ ने जिंका नाहीतर ६३-० ने, गुण तेवढेच. मला हे फार आवडतं. अशक्त टीमला तुडवून काही मिळत नाही. उलट दुसऱ्या हाफमध्ये तीस गुणांची आघाडी झाली की घड्याळ न थांबता पळतं, म्हणजे मॅच लवकर आटपते आणि समोरची पोरं सुटतात.

पण मला आवडणं वेगळं आणि वर्गातल्या चौसष्ट नंबरला पटणं वेगळं. हा आमचा गार्ड, म्हणजे बॉल मागे देणाऱ्या सेंटरच्या शेजारी उभा राहणारा. सव्वासहा फूट, आणि माझ्या वर्गातल्या बाकात बसताना आधी एक पाय मग दुसरा असा घडी घालून आत जातो. बॉल त्याच्या हाताला हंगामभर लागत नाही. समोरच्याला ढकलणं एवढंच काम. तो उठून फळ्यापाशी गेला.

"मिसेस के., पहिल्या आठवड्यात आम्ही डिव्हिजन वनवाल्यांशी खेळलो. आमच्या तिप्पट पोरं त्यांच्याकडे. चौथ्या क्वार्टरपर्यंत झुंजवलं त्यांना. गुण किती? शून्य. आणि हे," बाराव्या नावावर बोट, "हे सहाव्या डिव्हिजनच्या शाळा शोधून शोधून खेळतात, जिंकतात, चार-चार गुण घेऊन घरी जातात. वर त्यांची एक मॅच विजा चमकल्या म्हणून रद्द झाली, तर भागाकार नवाने!"

"मग तुम्ही कशाला गेलात डिव्हिजन वनशी खेळायला?" मागून बँडमध्ये ड्रम वाजवणारी मुलगी.

"मी ठरवतो का मॅचेस?"

हे मात्र खरं होतं. मॅचेस मोठी माणसं ठरवतात, कधी कधी वर्षं आधी, आणि मोठ्या शाळेकडे गेलं की तिकिटांचे चांगले पैसे मिळतात हेही त्यात असतं. सतरा वर्षांच्या पोराला त्यातलं काय माहीत असणार.

ड्रमवाली ऐकणारी नव्हती. सोळा टीम्स घ्यायच्या तेव्हा पहिली विरुद्ध सोळावी बघितलीस का, म्हणाली. मी बघितलंय, थंडीत बसून वाजवत, हाफटाइमलाच सगळे घरी गेलेले. वर डिव्हिजन वनमध्ये शाळाच कमी, तिथे सोळा म्हणजे जवळपास सगळेच. सगळेच गेले तर प्लेऑफ कसला? त्यावर कुणीतरी कॅथलिक शाळांचा विषय काढला आणि वर्ग पेटला. ओहायोत पब्लिक आणि खाजगी शाळा एकाच स्पर्धेत खेळतात. खाजगी शाळेला पोरं कुठूनही आणता येतात, आम्हाला आमच्या हद्दीतलीच, ही तक्रार जुनी. त्यावर तोडगा म्हणून बाहेरून आलेल्या खेळाडूंना मोजताना जास्त वजन द्यायचं आणि त्यावरून शाळेची डिव्हिजन ठरवायची, असा प्रस्ताव तीनदा शाळांच्या मतदानात पडला आणि २०१४ मध्ये चौथ्यांदा पास झाला. मी हे सांगितलं तर चौसष्ट म्हणाला, "म्हणजे न्याय व्हायला चार मतदानं लागतात." मी म्हटलं, झाला असं तू म्हणतोयस, सगळे नाही म्हणत.

तास संपला. प्रमाण विचलन राहिलं ते राहिलंच.

दुपारी आमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर वर्गात आले. दारातच उभे. आज रात्री कुठल्या मॅचेसवर लक्ष ठेवायचं, तेवढं काढून द्याल का? पोरं विचारतायत, पालक विचारतायत. मी हो म्हटलं. मला ते आवडतंच, लपवण्यात अर्थ नाही. मोकळ्या तासाला स्प्रेडशीट बसवली: रीजनमधल्या टीम्स, आमच्या दहा मॅचेस, आमच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या दहा. डिव्हिजनचा रकाना भरायला माझ्याकडे आदल्या वर्षाची फाइल होती, ती घेतली आणि बदललेल्या शाळा एकेक करून दुरुस्त केल्या. सगळ्या केल्या असं मला वाटलं.

उत्तर आलं ते असं: आम्ही आज जिंकायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात आम्ही ज्यांना हरवलं होतं त्या शाळेने दोन काउंट्या पलीकडे आज जिंकायचं. पोरांना सांगितलं तर हसली. त्या शाळेशी आमचं हाडवैर. यंदा त्यांच्या गाडीवर अंडी फेकल्याबद्दल आमच्या दोघांना शिक्षा झालेली. आज त्यांच्यासाठीच देवाला साकडं.

संध्याकाळी सात वाजता मॅच. शेवटची घरची मॅच म्हणून सीनियर नाइट: एकेक सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचा पोरगा आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातो. चौसष्टची आई त्याच्या दंडाला धरून चालत होती, मनगटापर्यंत हात पोचत असूनही दंडाला. मी वर प्रेस बॉक्समध्ये, म्हणजे पत्रे ठोकलेल्या एका लांबट खोलीत, लॅपटॉप घेऊन. शेजारी माझ्या वर्गातली दोन पोरं: एक फोनवर दुसऱ्या मॅचेसचे स्कोअर वाचणार, एक भरणार. खालून हॉट चॉकलेटचा आणि चिलीचा वास. चिली म्हणजे राजमा-खिम्याचं जाडसर सूप, मिरचीशी त्याचा संबंध नावापुरता.

आम्ही २१-१४ जिंकलो. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल आमच्याकडेच ठेवायचा होता, तर कोचनी तीन वेळा चौसष्टच्या मागूनच पळवला. प्रत्येक वेळी त्याच्यासमोरचा पोरगा दोन-तीन यार्ड मागे गेलेला दिसायचा. स्टँडमधल्या कुणी त्याचं नाव घेतलं नाही, बॉल धरणाऱ्याचंच घेतलं.

मॅच संपली तरी माणसं हलेनात. साडेनऊ होऊन गेलेले, थंडी वाढलेली, सगळे फोनमध्ये. पलीकडची मॅच अजून चालू. मग माझा फोनवाला पोरगा ओरडला: "जिंकले! हाडवैरी जिंकले!" दुसऱ्याने आकडा भरला. बारावी टीम, नऊ मॅचेस: १२.३८८९. आम्ही: १२.४०००.

मी खिडकीतून खाली बघितलं. डायरेक्टर वर बघत उभे होते. मी दोन्ही अंगठे वर केले.

इथेच मी थांबायला हवं होतं. अधिकृत यादी रविवारी येते. मी गणित शिकवते, एका बेरजेवर विश्वास ठेवू नका, पुन्हा तपासा, असं रोज सांगते. पण खाली पोरं हेल्मेटं हवेत फेकत होती, बँडने मिळेल ते वाजवायला सुरुवात केली होती, आणि चौसष्ट गुडघ्यांवर बसून मैदानावर डोकं टेकवून होता. तोवर उशीर झाला होता.

घरी जाऊन बाबांना फोन लावला. तिकडे सकाळचे आठ. "आपण आत!" म्हटलं. बाबांना हिशेब कळेना. "म्हंजे तुम्ही हरवलेली टीम जिंकली म्हणून तुम्ही पुढं? आणि ती ज्यांच्याशी जिंकली, ते किती मोठे होते, हेबी बघायचं?"

"हो, डिव्हिजनप्रमाणे."

"कितवी डिव्हिजन होती त्यांची?"

"चौथी." म्हटलं, आणि बोलता बोलता खात्री करायला यंदाची यादी उघडली.

पाचवी.

आदल्या वर्षी चौथी, यंदा पाचवी. शाळेत पोरं कमी झाली, आणि ते रेषेच्या खाली गेले. माझ्या फाइलमध्ये ती एक ओळ जुनीच राहिली होती. चौथीचे पाच गुण, पाचवीचे साडेचार. अर्धा गुण. दहाने भागा: ०.०५. आम्ही १२.३५००. ते १२.३८८९.

पुढची वीस मिनिटं मी सगळं पुन्हा केलं, कागदावर, पेन्सिलीने. बाबा फोनवरच होते, काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "रात्रीच सांग. सकाळ होऊ देऊ नकोस."

मी कोचना फोन केला. बराच वेळ ते गप्प, मग म्हणाले, सकाळी दहाला पोरं मॅचची फिल्म बघायला येणारेत, मी सांगतो. मी म्हटलं, नाही, चूक माझी आहे, मी येते.

वेट रूममध्ये पोरं जमिनीवर, बाकांवर, डंबेल्सच्या रॅकला टेकून बसलेली. मी उभी राहिले आणि सांगितलं. स्प्रेडशीट, जुनी ओळ, अर्धा गुण. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. एका सोफोमोरने, म्हणजे दहावीतल्या पोराने, डोळे पुसले आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का.

चौसष्टने हात वर केला, वर्गात करतो तसा.

"त्या शाळेत किती पोरं कमी झाली?"

"मला आकडा माहीत नाही. रेष ओलांडण्याइतकी."

"म्हणजे त्यांच्या गावातून थोडी कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली," तो म्हणाला, "म्हणून आम्ही बाहेर."

त्यात चुकीचं काही नव्हतं. डिव्हिजनची रेष कुठेतरी ओढावीच लागते, आणि जिथे ओढाल तिथे तिच्या लगत कुणीतरी असतंच. पण शुक्रवारपर्यंत ही रेष माझ्यासाठी तक्त्यातला एक रकाना होती. हे मी त्याला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "हो, आणि माझी चूक नसती तरी बाहेरच होतात. मी तुम्हाला एक रात्र खोटी दिली, तेवढंच माझं."

"ती रात्र चांगली होती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि एक-दोघं हसली.

रविवारी यादी आली. आम्ही तेरावे.

सोमवारी सामान परत करायचा दिवस. पोरं रांगेत हेल्मेट, शोल्डर पॅड्स, जर्सी एकेका खोक्यात टाकतात आणि एक बाई यादीवर खूण करते. मी मुद्दाम त्या बाजूने गेले नाही. मंगळवारी प्रमाण विचलन शिकवलं.

बारावी टीम पुढच्या शुक्रवारी पाचव्या टीमच्या मैदानावर गेली आणि हरली. तीन दिवसांनी चौसष्ट माझ्या टेबलापाशी आला. आपल्या गाडीत तिघांना घालून तो ती मॅच बघायला गेला होता, सव्वा तास ड्रायव्हिंग करून. का, ते मी विचारलं नाही.

"मिसेस के.," म्हणाला, "त्यांचा सेंटर चांगला आहे."

मग बाकात आधी एक पाय, मग दुसरा.