चीक गार होईल गं

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

"मी कुणाशी बोलतेय गं यात?"

आईने फोनवर एवढंच विचारलं. दादाला मी बजावलं होतं, रविवारपर्यंत कुणाला दाखवू नकोस, आईच्या पंचाहत्तरीसाठी जुन्या कॅसेटींतून फिल्म जोडतेय, तिचा हा तीन मिनिटांचा तुकडा फक्त तुझ्यासाठी आहे, टीव्हीवर नीट दिसतो का तेवढं सांग. त्याने संध्याकाळच्या चहाला तो आईलाच लावून दिला. तिने दोनदा बघितला म्हणे. मग मला फोन. छान झालंय म्हणाली, गच्ची किती स्वच्छ असायची तेव्हा म्हणाली, आणि मग हे.

मी म्हटलं, "माझ्याशीच की. शूटिंग मीच करत होते."

"मग तू कुठायस?"

तेव्हापासून मन लागत नाहीये. भांडी तशीच पडलीत. लिहून बघते.

तीन आठवडे रोज रात्री मी या कामाला बसतेय. याआधी व्हिडिओ जोडण्याचा माझा अनुभव म्हणजे कधीतरी विंडोजमधल्या मूव्ही मेकरवर माझ्या मुलाच्या, चिनूच्या बारशाचे फोटो एकामागे एक लावले होते, तेवढाच. तो मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच बंद केला, हे मला आत्ता कळलं. चिनूने आधी एक मोठं सॉफ्टवेअर सुचवलं, ते माझ्या लॅपटॉपला पेललं नाही. मग त्याने फोनवर सांगून सांगून शॉटकट नावाचं दुसरं उतरवून घ्यायला लावलं. फुकट आहे, हलकं आहे, आणि आठ जीबी रॅमवर निमूट चालतं. पहिल्या रात्री मला फाइल उघडून ती खालच्या पट्टीवर आणायलाच तासभर लागला. वर चित्र दिसतंय, खाली टाइमलाइन रिकामीच. ओढून खाली आणायची असते, एवढीच गोष्ट.

कॅसेटी सात. मिनी डीव्ही, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. २०१९ च्या पुरात सांगलीत गावभागात पाणी शिरलं तेव्हा त्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. खालच्या कपाटातले अल्बम गेले सगळे. म्हणून आईच्या पंचाहत्तरीला दाखवायला आपल्याकडे जे काही आहे ते या सात डब्यांत. कॅमेरा केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे एका दुकानातून फायली करून आणल्या. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, आणि एका तासाची फाइल तेरा जीबीची होते. नव्वद जीबीची हार्ड डिस्क हातात घेऊन रिक्षात बसले तेव्हा ती मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. चौथ्या कॅसेटला आवाज आलेला नाही. दुकानदार म्हणतो कॅसेटच तशी होती. मला आठवतंय, नव्हती तशी. असो.

तर आवाज.

पहिले दोन-तीन दिवस मी फक्त बघत होते. बाबांची पाचवी कॅसेट सोडून सगळं बघायचं आणि वहीत लिहायचं, कुठल्या मिनिटाला काय आहे. बघता बघता लक्षात आलं की आई दिसते आणि ऐकू येते ती मी. सारखी. "आई, वर बघ." "आई, पदर नीट घे." "अगं थांब, मधे नको बोलूस." "परत ये दारातून, नीट नाही आलं." आयर्विन पुलावर ती कठड्याला हात लावून खाली कृष्णेकडे बघतेय, किती छान बघतेय, आणि मी म्हणतेय, "इकडे बघ ना, पाणी काय रोजचंच आहे."

तिशीतला माझा आवाज असा होता? मला तर मी त्या वेळी फार मऊ बोलायचे असं वाटत होतं. ऑफिसात लोक म्हणायचे तसं.

टाइमलाइनवर आवाजाचं चित्र दिसतं, डोंगरासारखं. माझा शब्द आला की काठाला भिडणारा सुळका. आई बोलली की जमिनीलगत थोडी खडी. चिनू म्हणाला, आई, माइक कॅमेऱ्यातच असतो, कॅमेरा तुझ्या हातात, म्हणून तू मोठी ऐकू येतेस, त्यात काय. खरं आहे ते. पण सुळक्याची उंची माइकमुळे असेल, त्यातला जाच माइकमुळे नाही.

म्हणून मी स्वतःला कापायला घेतलं.

ते सोपं आहे. रेघ नेऊन ठेवायची, एस दाबायचं, तिथे क्लिपचे दोन तुकडे होतात. बोलणं संपतं तिथे पुन्हा एस. मधला तुकडा निवडायचा. आता झेड दाबलं तर तो जातो आणि त्याच्या जागी खिंडार राहतं, पडद्यावर तेवढा वेळ काळं दिसतं. एक्स दाबलं तर मागचं सगळं पुढे सरकतं आणि जागा बुजते. पहिल्या दिवशी मी चुकून झेडच दाबत होते आणि घाबरत होते. एकदा एक्स कळल्यावर मग रात्री दीड वाजेपर्यंत एक्स, एक्स, एक्स. आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या कॅसेटमध्ये एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. बाणाच्या बटणाने एक एक चित्र सरकत मी माझ्या "आई"तला "आ" शोधत होते, कारण एकदा "ई" गेली आणि "आ" तेवढा राहिला होता. आईने मान वर करायच्या आधी कुणीतरी कण्हल्यासारखं ऐकू यायचं. तोही काढला. तीन चित्रांएवढा होता.

सकाळी बघितलं तर इतकी शांत, सुंदर फिल्म. आई गच्चीवर कुरडया घालतेय. एक शब्द कुणाचा वावगा नाही.

आणि आज ती विचारते, मी कुणाशी बोलतेय.

तुकडा परत लावून बघितला. आई जुन्या धोतरावर सोऱ्या फिरवतेय, हात कोपरापर्यंत पांढरा. मग एकदम मान वर करते, थेट माझ्याकडे बघते, हसते आणि म्हणते, "चीक गार होईल गं." पुन्हा खाली. बस. माझं वाक्य काढल्यावर हे असं उरलं. गच्चीवर एकटी बाई मान वर करून हवेला सांगतेय, चीक गार होईल. बघणाऱ्याला वाटेल हिला काय झालं.

मी काय म्हटलं होतं ते मूळ फाइलमध्ये आहे. "आई, सारखं खाली काय बघतेस, जरा वर बघ की!"

कुरडईचा चीक गरम असतानाच घालावा लागतो. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून खाली बसलेला चीक सकाळी शिजवायचा, आणि मग घाई सुरू. गार झाला की घट्ट होतो, सोऱ्यातून उतरत नाही, हात भरून येतात, तुटक पडते. ही मला माहीत नसलेली गोष्ट आहे का? जन्म गेला त्या गच्चीवर. तरी मी तिला म्हणतेय वर बघ. आणि तिने बघितलं. तेवढा एक घाणा लांबला असणार.

मगाशी थोडा वेळ फार वाईट वाटलं स्वतःचं. बघितलेल्या सहा तासांत मी चाळीस सेकंद आहे, मोजलेत मी. दादाच्या लग्नानंतरच्या पूजेत बाबांनी कॅमेरा घेतला होता तेवढीच. बाकी सगळा वेळ कॅमेऱ्यामागे. कुणाला कधी वाटलं नाही, हिच्या हातातून घ्यावा, हिलाही येऊ द्यावं. आताही तसंच. दादाचं आपलं, तुलाच जमतं बाई. वहिनी म्हणते, आमचा शाळेचा फोटो पण टाका. रात्र रात्र जागून, डोळे चुरचुरेपर्यंत मी सगळ्यांना छान दाखवतेय, आणि स्वतःला तेवढं शोधून शोधून काढून टाकतेय. कुणी सांगितलं होतं काढायला? कुणीच नाही.

हे लिहून उठले, भांडी घासली. आता जरा बरं आहे.

फोनवर मी आईला शेवटी सांगून टाकलं. म्हटलं, "माझा आवाज काढलाय मी. फार खेकसत होते गं तुझ्यावर."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला चारची एशियाड असायची. दर वेळी घाई."

यावर मी काय म्हणणार? दर वेळी. ती समजूत काढत होती की आठवण करून देत होती, कळलं नाही. तिच्या आवाजात तरी दोन्हींतलं काही नव्हतं. भाजीवाला आला म्हणून फोन ठेवला तिने.

एक बरं आहे. या सॉफ्टवेअरमध्ये आपण कापतो ते खरं कापलं जात नाही. सेव्ह केलं की एक छोटी एमएलटी फाइल होते, तिच्यात चित्रही नसतं आणि आवाजही नसतो. कुठली फाइल, कुठून कुठवर घ्यायची, एवढ्या नोंदी फक्त. डिस्कवरच्या तेरा जीबीला धक्काही लागत नाही. एकदा मी फोल्डरचं नाव बदललं तर त्याला काहीच सापडेना, फायली कुठे आहेत विचारत बसलं. तेव्हा हे नीट समजलं. तीन आठवडे मला वाटत होतं मी स्वतःला काढून टाकतेय. मी होते तिथेच आहे, नव्वद जीबीत, तितकीच मोठ्याने.

मग रात्री नऊला पुन्हा बसले आणि ते वाक्य परत आणलं. तुकड्याचं टोक धरून मागे ओढलं की गेलेलं परत येतं. तेवढ्या शब्दांचा वेगळा तुकडा केला, आवाज कमी-जास्त करायचा गेन लावला, बारा डेसिबल कमी. आईचं वाक्य सहाने वाढवलं. आता मी जरा लांबून बोलल्यासारखी वाटते, शेजारच्या गच्चीवरून. चिडका सूर आहे तसाच आहे, त्याला काही करता येत नाही. पण आई आता कुणालातरी उत्तर देते. का हसते, तेही कळतं.

एक अडचण राहिली. माझा आवाज खाली ओढला तर त्याच्याबरोबर कावळे, खालच्या गल्लीतली सायकलची घंटी, कुणाचा तरी रेडिओ, सगळंच खाली गेलं. मधेच कान बंद झाल्यासारखं होतं. चिनू म्हणाला, त्याच गच्चीवरचा कुणी बोलत नाहीये असा चार-पाच सेकंदांचा आवाज शोध आणि खालच्या ट्रॅकवर अंथर. म्हणून मूळ फाइलच्या शेवटाला गेले. वहीत मी त्या जागी लिहून ठेवलं होतं, "११ सेकंद, आकाश, टाकाऊ." मी बहुतेक कॅमेरा कठड्यावर ठेवला होता आणि बंद करायचा विसरले होते. वाळत घातलेल्या साडीचा काठ येतो-जातो, मागे पांढरं झालेलं उन्हाळ्याचं आकाश, कठड्याचा तुकडा. पहिल्या वेळी मी हे आवाज बंद करूनच बघितलं असणार.

आज हेडफोन लावून ऐकलं. कावळे आहेत. रेडिओ आहे. आणि लांबून, खडीएवढा, आईचा आवाज:

"वाटीत चीक काढून ठेवलाय तुझ्यासाठी. दूध-साखर घालून खाऊन जा."

मग पायऱ्यांवर पावलं. माझीच असणार, उतरणारी. मग कॅसेट संपते.

अकरा सेकंदही मी टाइमलाइनवर घेतलेत, शेवटी नाही, त्या वाक्याच्या लगेच पुढे. दोन्ही बाजूंना काळी पट्टी येते, जुनी चौकोनी चित्रं आहेत, ती ताणायची नाहीत असं ठरवलंय. आईचा आवाज अजून सहाने वाढवला. खरखर वाढली, वाढू दे. पाचवी कॅसेट, बाबांची, अजून उघडलेली नाही. शनिवारपर्यंत उघडावीच लागेल.

एक्स्पोर्टला लावलंय, चौतीस टक्के झालंय. तो चीक मी खाल्ला का, आठवून बघतेय केव्हाची. वाटी डोळ्यासमोर येते, स्टीलची, काठाला पोचा पडलेली. पण ती वाटी तर आपल्याकडे कायमच होती.