विरजण कशाचं?

मे महिन्यातली दुपार, सोलापूरचा पारा त्रेचाळिशीला टेकलेला. कॉलेजला सुट्टी, त्यामुळे प्रयोगशाळेतले सगळे कॉम्प्युटर माझेच. तीन दिवस चाललेला स्कॅन त्या दिवशी संपला आणि आलेख बघून मी शिपाईमामांना दोन चहा सांगितले, एक माझा, एक त्यांचा.

काम असं होतं. विश्व जन्मून सेकंदाचा साधारण शंभर अब्जावा भाग उलटला, तापमान १६० जीईव्हीच्या आसपास उतरलं (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, आम्ही तापमान आणि वस्तुमानही त्यातच मोजतो), तेव्हा हिग्जचं क्षेत्र, म्हणजे सगळी जागा व्यापून कणांना वस्तुमान देणारं क्षेत्र, शून्यावरून हललं आणि डब्ल्यू, झेड या कणांना वस्तुमान मिळालं. प्रश्न एवढाच, की हे झालं कसं? २०१२ साली सापडलेला हिग्ज कण १२५ जीईव्हीचा निघाला. इतका जड हिग्ज असला की स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे कणांच्या रूढ सिद्धांतात, हा बदल तूप थिजावं तसा हळूहळू होतो. पाणी उकळताना येतात तसे नव्या अवस्थेचे बुडबुडे येत नाहीत. आणि बुडबुड्यांची धांदल नसेल, तर द्रव्य प्रतिद्रव्यापेक्षा जास्त का उरलं, याचा हिशेब निदान इथे तरी लागत नाही. म्हणून आमच्यासारखे लोक हिग्जच्या जोडीला एक जादा अदिश (दिशा नसलेलं) क्षेत्र घालून बघतात. त्या क्षेत्राचे आकडे बदलत जायचं म्हणजे स्कॅन, आकड्यांची एकेक निवड म्हणजे एक बिंदू.

माझी चाळणी सोपी होती. ज्या तापमानाला स्थितिजऊर्जेचे दोन खड्डे (एक जुन्या अवस्थेचा, एक नव्या) सारखे खोल होतात ते शोधायचं, तिथली हिग्जची किंमत भागिले तापमान हे एकाहून जास्त आलं की बिंदू पास. शेकडो बिंदू पास झाले होते.

प्रोजेक्टला असलेली एमएस्सीची मुलगी आलेखाकडे बघत म्हणाली, "सर, खड्डे सारखे झाले म्हणून उडी पडलीच असं कसं? आपल्या हायपोचं काय?"

हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ४८ अंशांना वितळतो. पण निवताना त्याच्याखाली उतरला तरी नळीत गप्प पातळच राहतो. एक खडा टाकला की क्षणात गोठतो, वर नळी गरम होते. (आमच्याकडे मेमध्ये हा प्रयोग कुणी करत नाही. खोलीच ४२ अंशांवर असते.) बीएस्सीला हे मीच तिला शिकवलं होतं.

बुडबुडा जन्मण्याची किंमत काढायची राहिली होती असं नाही, मी ती टाळली होती. दर तापमानाला ते समीकरण सोडवणं वेळखाऊ, किचकट. बुडबुड्याची क्रिया, म्हणजे तीच जन्माची किंमत, भागिले तापमान हा आकडा १४० च्या आसपास उतरला, तरच बुडबुडे धरतात. सगळ्यात जोरदार दिसणारे दहा बिंदू घेऊन बसलो. संध्याकाळी सातपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सात बिंदूंवर आकडा खाली यायचा, १४० गाठण्याआधीच वळायचा आणि पुन्हा चढायचा. मधला उंबरठा इतका उंच, की ते विश्व चुकीच्या खड्ड्यातच अडकून बसणार. ज्यांच्या जिवावर मी चहा पाजला, नेमके तेच बिंदू बाद.

खरं सांगतो, पहिल्यांदा राग तिचाच आला.

ती मात्र अजून हायपोतच होती. "खडा टाकला तर? दुधाला विरजण लागतं तसं. विश्वात विरजण कशाचं असेल, सर?"

"अगं, तिथे कुठली धूळ न् कुठला खडा," असं म्हणता म्हणता मी थांबलो. आमच्या प्रतिकृतीत आधी ते जादा क्षेत्र जागं होतं, कुठे धन तर कुठे ऋण, दोन्ही खड्डे सारख्याच खोलीचे. धन आणि ऋण प्रदेश भेटतात तिथे भिंती उभ्या राहतात, आणि भिंतीत ते क्षेत्र शून्यातून जातं, म्हणजे हिग्जला वाव तिथेच. बुडबुडा मोकळ्या जागेत धरणार नाही, पण भिंतीला चिकटून स्वस्तात धरू शकेल. पुढे हिग्जने सगळीकडे ताबा घेतला की भिंतीही विरून जातात. हा विचार जगात आधी झालेला आहे, मी वाचलेलाही होता. माझ्या हिशेबात तो कुठेच नव्हता.

सात बिंदूंपुढे मारलेली फुली खोडून मी प्रश्नचिन्ह केलं. मामा कुलूप घेऊन दारात उभे होते. त्यांना आणखी अर्धा तास मागितला.