क्रँक नागपूरला गेला आणि आंबिया निघून गेला

सातव्या खेपेला मी कुणालाही न विचारता नागपूरच्या ग्राइंडिंगच्या दुकानात सरळ आत शिरलो, तेव्हा माझा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, मला दिसला. मागच्या भिंतीपाशी, फरशीवर आडवा. त्याच्यावर कुणाचं तरी जुनं हेड आणि दोन फ्लायव्हील रचलेली. मी गुंडाळलेलं पोतं आणि माझ्या हातची सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. देऊन एकतीस दिवस झाले होते आणि तोवर कुणी गाठसुद्धा सोडली नव्हती. आदल्या संध्याकाळी फोनवर मला सांगितलं होतं, "मशीनवर चढलाय भाऊ तुमचा माल, उद्या या अन् घेऊन जा."

ज्याला जुनं डिझेल इंजिन बांधायचं आहे त्यानं हे वाचावं म्हणून लिहितोय. बाकी सगळं जमतं. हीच एक जागा माणसाला अडवून ठेवते.

आमचा ट्रक १९८६ चा टाटा १२१०. बाबांनी जुनाच घेतला होता. त्यात ६९७ चं इंजिन आहे. या आकड्यातच त्याचं माप आहे: सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८. हेच माप मर्सिडीजच्या ओएम ३५२ चं. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ चालला, त्या घराण्यातलं हे इंजिन. त्यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. गावात हत्यारं असली तर गावातच उघडतं आणि गावातच बांधता येतं. वरूड भागात बागेतून संत्रा काढून मातीच्या रस्त्यानं बाहेर आणायला मला आजही यापेक्षा बरी गाडी माहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती निळा धूर मारायला लागली. नागपूरच्या कळमना मार्केटच्या एका फेरीत दोन लिटर ऑइल पिऊ लागली, ब्रीदरमधून इंजिनची वाफ बाहेर येई, आणि गरम झाल्यावर स्लोला ऑइलचा काटा खाली बसे. धूर आणि ऑइल म्हणजे रिंग-लाइनर. काटा बसतो म्हणजे खालचं काम, बेअरिंग आणि क्रँक. बाबा म्हणाले, "अर्धं काम करू नको. उघडलं तर पूर्ण उघड." पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी चेनपुली लावून इंजिन उतरवलं. संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबरच्या शेवटी तोडणीला येतो. दीड महिना हाती होता, पुरेसा वाटला.

इंजिन उघडायला दोन दिवस लागले. हेडचं काम गावाजवळच झालं. डिझेलचा मायको पंप आणि नोझल अमरावतीला दिले, ते तिसऱ्या दिवशी कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीसह परत आले. ब्लॉकचे लाइनर दाबून बसवणं, बोअर, होनिंग, सगळं आठवड्याच्या आत. यावर लिहिण्यासारखं काही नाही. (ब्लॉक तडकला नसेल तर बदलू नका. इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो, आणि तो बदलला की आरसीवर नोंद करण्याचं वेगळं काम मागे लागतं.)

क्रँकचं काम मात्र ग्राइंडिंग मशीनवरच होतं आणि ट्रकचा क्रँक घेणारं मशीन सगळीकडे नसतं. या इंजिनाला सात मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे दांड्याचे गोल भाग) आणि सहा कॉनरॉडचे, म्हणजे एकूण तेरा ठिकाणी घासायचा दगड लागतो. आमच्या मिस्त्रीकाकांनी मायक्रोमीटर लावून सगळे मोजले. प्रत्येक जर्नल दोन आडव्या-उभ्या बाजूंनी आणि दोन टोकांना, कारण झीज गोल होत नाही, लंबगोल होते. आधी एकदा घासून ०.२५ मिलिमीटर बारीक केलेला होता. चौथ्या कॉनरॉडचा जर्नल इतका लंबगोल की आता ०.५० शिवाय गत नव्हती. मी मोठ्या हुशारीनं त्याच दिवशी ०.५० चे मेन आणि कॉनरॉडचे बेअरिंग घेऊन टाकले. ही माझी चूक. ग्राइंडिंग होऊन माप हातात येईपर्यंत बेअरिंगला पैसे देऊ नका, किंवा न उघडलेली पाकिटं परत घेण्याचं दुकानदाराकडून कबूल करून घ्या.

नागपूरच्या त्या दुकानात म्हणाले, "चार दिवस." मी क्रँक दिला, चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर तारीख नव्हती. तेव्हा लक्षात आलं नाही.

मग सुरू झालं उद्या-परवा. गावातून वरूड, तिथून काटोलमार्गे एसटीनं नागपूर, पुढे ऑटो. सकाळी निघालं तर दुपारी पोचायचं. पहिल्या खेपेला ऑपरेटर लग्नाला गेलेला. दुसऱ्या खेपेला दगड संपला. तिसऱ्याला लाइट गेली होती, खरंच गेली होती, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. चौथ्या खेपेपासून मला वेगळी उत्तरंच मिळेनात. "करून राहिलो ना भाऊ. तुमचाच नंबर आहे." माझ्यासमोर एका बसवाल्याचा क्रँक सकाळी आला आणि संध्याकाळी गेला. तो शहरातला, रोज डोक्यावर येऊन उभा राहणारा. मी शंभर गावं ओलांडून येणारा, म्हणून माझा माल भिंतीपाशी.

उशीर झाला याचा राग आजही तितका नाही. मशीन एक, माल दहा, समजतं. पण "मशीनवर चढला" हे शब्द ऐकून मी घरी मिस्त्रीकाकांना बोलावून ठेवायचो, त्यांचा रोज बुडायचा. बाबा ब्लॉक पुसून, फडकं झाकून तयार ठेवायचे. बागवाले फोन करायचे, "गाडी केव्हा?" आणि मी त्याच खोट्या भरवशावर त्यांना तारीख द्यायचो. "महिनाभर होत नाही, दुसरीकडे न्या" एवढं एक वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं असतं तर माझा आंबिया वाचला असता.

त्या सातव्या खेपेला मी स्वतः हेड आणि फ्लायव्हील बाजूला काढले, क्रँक उभा करून भिंतीला टेकवला आणि मालकाला म्हटलं, आता मशीनवर चढेपर्यंत मी इथेच बसतो. तो म्हणाला, आधी दोन मोठी कामं आहेत. मी दोन दिवस भाच्याच्या खोलीवर राहून सकाळी नऊला येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी क्रँक खरंच चढला. चढलेला पाहून मी गावी आलो, कारण घरी पाणी देणं थांबलं होतं. तिथेही चुकलोच. काम संपेपर्यंत हलायला नको होतं.

त्रेचाळिसाव्या दिवशी क्रँक घरी आला, आरशासारखा चमकत. बाबांनी हात फिरवला, खूश झाले. मिस्त्रीकाका मात्र चष्मा लावून वाकले आणि जर्नलच्या कोपऱ्यातून नख फिरवत गप्प बसले. मग म्हणाले, "याचा कोपरा खाल्ला रे बाप्पा यानं. हा लोडमधी तुटते."

जर्नल आणि त्याच्या बाजूचा गाल जिथे मिळतात तो कोपरा काटकोनी चालत नाही, तिथे गोलाई लागते. मशीनवाले त्याला रेडियस म्हणतात. दगडाची कड गोल न करता घाईनं काम उरकलं की ती गोलाई जाते आणि सगळा जोर त्या एका रेषेवर येतो. काकांच्या गॅरेजमागे दुसऱ्या एका गाडीचा तुटलेला क्रँक पडला होता, तो त्यांनी ओढून आणला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेषा होत्या, सगळ्या त्या कोपऱ्यापासून सुरू झालेल्या. हळूहळू चिरत गेला आणि एक दिवस भरल्या गाडीत सुटला. मी माझ्या क्रँकवर नख फिरवलं. तेरापैकी पाच जर्नलवर नख कोपऱ्यात अडकत होतं.

त्या रात्री मी जेवलो नाही.

त्याच दुकानात परत गेलो नाही, त्यांना पैसे पूर्ण देऊन झाले होते, तरी गेलो नाही. काकांच्या ओळखीनं नागपुरातच दुसरीकडे एक म्हातारे कारागीर मिळाले. त्यांनी आधी क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून, तो सरळ आहे का ते बघायला डायल लावला, कारण महिनाभर आडवा, वर ओझं घेऊन पडलेला क्रँक वाकू शकतो. नशिबानं वाकला नव्हता. (घरीसुद्धा क्रँक उभा ठेवा किंवा टांगा.) मग दगडाची कड माझ्यासमोर गोल करून पुढच्या मापाला, ०.७५ ला, सगळे घेतले. मी बाकावर बसून होतो. चहा त्यांनीच पाजला. प्रत्येक जर्नलचं माप कागदावर लिहून दिलं, खाली तारीख आणि सही. चार दिवसांत काम हातात. तो कागद मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवलाय.

०.५० चे बेअरिंग मात्र डोक्यावर बसले. उघडलेली पाकिटं कोण परत घेणार?

आता जे आठवतं ते सांगतो. ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकांत लोखंडाचं पीठ भरलेलं असतं. बूच काढून, तारेचा ब्रश घालून, डिझेल आणि हवा मारून पांढऱ्या फडक्यावर काही येत नाही तोवर धुवा. आम्ही तीनदा धुतला, तिसऱ्यांदाही फडकं करडं झालं, म्हणून चौथ्यांदा धुतला. मेनची एकेक कॅप टॉर्क पान्यानं आवळली की क्रँक हातानं फिरवून बघा. ज्या कॅपनंतर जड झाला तीच उघडायची, सगळ्या आवळून मग शोधत बसायचं नाही. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये सरळ ढकलून फीलरनं फट मोजा. टायमिंगच्या गिअरवरच्या खुणा एकाने जुळवाव्यात आणि दुसऱ्याने तपासाव्यात. फायरिंग १-५-३-६-२-४, पंपाचे पाइप त्याच क्रमानं.

स्टार्ट करताना आधी स्टॉप ओढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, नुसतं स्टार्टरवर फिरवलं, थांबून थांबून, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मग फिल्टर आणि पंपाची एअर काढली, नोझलचे नट ढिले करून डिझेल आलं की आवळले. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. पांढरा धूर, मग काहीच नाही. बाबा रेडिएटरसमोर उभे होते, ते मागे सरकले नाहीत.

नवं बांधलेलं इंजिन तासभर स्लोवर ठेवतात ते चुकीचं आहे. जोर पडल्याशिवाय रिंग बोअरला बसत नाहीत, बोअर गुळगुळीत होतो आणि पुन्हा ऑइल खातो. आम्ही गरम होताच रिकामी गाडी रस्त्यावर काढली, मग अर्धा लोड. एकाच गतीनं रेटली नाही, कमी-जास्त करत राहिलो. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलले.

आंबिया दुसऱ्यांच्या गाड्यांनी गेला. फेब्रुवारीत मृग बहाराच्या संत्र्याची पहिली गाडी मी स्वतः भरली आणि कळमन्याला नेली. काटोलच्या पुढे जुन्या सवयीनं चढावर खालचा गिअर टाकायला हात गेला, पण इंजिन वरच्याच गिअरमध्ये धडधड करत चढून गेलं. मार्केटच्या आवारात गाडी लावली, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेलाच होतं.