पेन धुवायला शाई

बंद पडलेलं जुनं शाईचं पेन दुकानात देऊ नका. निदान घरच्या वाटीत आठ-दहा दिवस भिजवल्याशिवाय तरी देऊ नका. बाकीचं सगळं सांगतेच, पण हे आधी. आमचे तीन आठवडे एका काउंटरच्या ड्रॉवरमध्ये गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, मुलीची वह्या-पुस्तकं मांडली आणि नाना म्हणाले, "माझं पेन ठेव." नाना म्हणजे माझे सासरे. कुठलं पेन, तर कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, एलआयसीच्या पावत्यांखाली. पार्कर ५१. काळं, स्टीलच्या टोपीचं, निब पुढून जेमतेम तांदळाएवढी दिसते असं. नाना कोर्टात होते. त्यांचे मावसभाऊ बोटीवर नोकरीला, त्यांनी १९६८ साली हे आणून दिलं. पुढची बावीस वर्षं नानांनी याच पेनाने रोजनामे लिहिले आणि मग एक दिवस ते बंद पडलं. पडलं ते पडलंच. पूजा झाल्यावर नानांनी ते कपाळाला लावलं आणि म्हणाले, "नोव्हेंबरात बँकेत सही करायची असते ना, ती यंदा यानेच करतो."

राज्य सरकारच्या पेन्शनरांना ठाऊक असेल, नोव्हेंबरात कोषागाराची यादी बँकेत येते आणि आपल्या नावापुढे हयात असल्याची सही करावी लागते. म्हणजे माझ्या हातात दीड-पावणेदोन महिने.

पहिले दोन दिवस सोपे गेले. या पेनाची मागची नळी फिरवून काढली की आत धातूची खोळ आणि तिच्यात एक पट्टी दिसते. टोक पाण्यात बुडवायचं, पट्टी दाबायची, सोडायची. बुडबुडे आले म्हणजे आतली पिशवी शाबूत आहे. आमचे आले. ही पिशवी साध्या रबराची नसून पारदर्शक प्लॅस्टिकची असते, साठ-सत्तर वर्षांनीही बऱ्याचदा धडधाकट निघते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वाटीत निळी शाई धुरासारखी उतरली, दहा-बारा पाणी बदलली, पाणी स्वच्छ यायला लागलं. मला वाटलं, झालं. शाई भरली, कागदावर टेकवलं, एक रेघ उमटली आणि बंद.

मग दुकान. काउंटरवरच्या माणसाने टोपी काढून पाहिलं आणि म्हणाला, "हिरो आहे. दोनशेत नवीन मिळेल, मॅडम." चिनी हिरो ६१६ याच्याच धर्तीवर बनलं हे खरं, पण नळीवर कोरलेलं नाव तरी वाचा! वाचायला लावल्यावर म्हणाला, रबर गेलंय, आठशे होतील, शनिवारी या. शनिवारी कारागीर गावाला. पुढच्या शनिवारी पार्ट मुंबईहून यायचा. फोन केला की "उद्या करतो, मॅडम." त्यात दिवाळी आली. तिसऱ्या आठवड्यात मी काउंटरला उभी राहिले, हललेच नाही. तेव्हा ड्रॉवरमधून पेन निघालं, मी दिलेल्याच टिश्यूत गुंडाळलेलं. माझ्याच हातची गाठ मारलेला रबर बँडसुद्धा तसाच. "हे होणार नाही," म्हणाला. होणार नाही हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं?

घरी आल्यावर नाना शांतपणे म्हणाले, "अगं, पाण्याने काय होतंय? चांगली शाई भरून ठेव. शाईच शाईला काढते. काट्याने काटा काढतात तसं." मी तेव्हा चिडलेली होते. शाईने पेन धुवायचं म्हणजे चिखलाने पाय धुवायचे, असं काहीतरी बोलून गेले. (त्याबद्दल नंतर माफी मागितली. ते म्हणाले, मला ऐकूच आलं नव्हतं. आलं होतं.)

आता इथून पुढे बारा दिवस पेन एका वाटीत होतं. वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत. कामाच्या मावशींनी एकदा त्यातलं पाणी घाण म्हणून ओतून दिलं आणि पेन चमच्यांच्या जाळीत उभं करून ठेवलं. म्हणून वाटीवर चिठ्ठी लावा.

पाणी का हरलं ते सांगते, कारण मलाही ते उशिरा कळलं. या पेनाच्या निब झाकणाऱ्या पुढच्या काळ्या टोपणाखाली शाई साठवणारा एक भाग असतो, फणीसारख्या पातळ पातळ चकत्यांचा. चकत्यांमधल्या फटी केसाएवढ्या. आपण पट्टी दाबतो तेव्हा पाणी मधल्या मोकळ्या वाटेने येतं आणि जातं. फटींमध्ये वाळलेल्या शाईला ते शिवतही नाही. म्हणून वाटीतलं पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण फसतो. पाणी किती बदललं यापेक्षा पेन किती वेळ पाण्यात उभं राहिलं याला महत्त्व. अर्धा दिवस भिजवा, दहादा दाबा, रात्री टोकाला टिश्यू गुंडाळून कोरड्या ग्लासात टोक खाली करून उभं करा. टिश्यू आतलं पाणी शोषून घेतो आणि पाण्याबरोबर फटीतलं जे सुटलं असेल तेही. सकाळी टिश्यू उघडायचा, हाच खरा रिपोर्ट. पहिल्या दिवशी निळा गोल आणि भोवती फिरोजी कड. दुसऱ्या दिवशी तसंच, फिकं. तिसऱ्या दिवशी पांढरा. चौथ्या दिवशी पांढरा. आणि पेन? तीच एक रेघ आणि बंद.

एक राहिलं. आमच्या सोलापुरात बोअरच्या पाण्याचे क्षार नळाच्या तोटीवर पांढरे साचतात, ते पेनात साचणार नाहीत कशावरून? मी तिसऱ्या दिवसापासून गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं. निदान शेवटचं पाणी तरी ते वापरा.

पाचव्या दिवशी नणंदेला फोन केला. ती फार्मसी कॉलेजात शिकवते. ती म्हणाली अमोनिया वापर, आणि येताना छोट्या बाटलीत लायकर अमोनिया, म्हणजे पाण्यात विरघळवलेला अमोनिया, घेऊन आली. प्रमाण नीट लिहून घ्या: छोटा चमचाभर, म्हणजे ५ मिली अमोनिया, २५० मिली पाण्यात, आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. लायकर अमोनिया खूप कडक असतो, खिडकी उघडी ठेवा, वाकून वास घेऊ नका. आणि कुठल्याही परिस्थितीत त्याच्या आसपास ब्लीच नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. पितळेला आणि अॅल्युमिनियमला अमोनिया मानवत नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या वर बुडवून ठेवायचं नाही, लगेच साध्या पाण्याने धुवायचं. निब सोन्याची, तिला काही होत नाही.

अर्ध्या तासाने पट्टी दाबली आणि वाटीत काळं आलं. निळं नाही, काळं. पाण्यात मिसळेना, बारीक पोपडे होऊन तळाशी बसलं. बोटावर घेऊन चोळलं तर काजळ. रात्रीचा टिश्यू सकाळी उघडला तर मधोमध तव्याच्या बुडासारखा काळा डाग, भोवती कड नाही, पसरणं नाही. नाना म्हणाले, "मी आयुष्यात या पेनात काळी शाई भरलेली नाही." नवरा चहा घेत होता. टिश्यूकडे बघत तो हळूच म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे का ती?"

कुणी वॉटरप्रूफचं नावही काढलं नव्हतं.

मग निघालं सगळं. १९९० साल, हा दहावीत, इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा. अक्षरलेखनाला बोरू चालेना, म्हणून नानांचं पेन दुपारी उचललं, त्यात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक भरली, सराव केला आणि पेन जागेवर ठेवून दिलं. रविवारी नानांनी नेहमीसारखी निळी भरली आणि पेन बंद. नणंद म्हणाली, ड्रॉइंग इंक म्हणजे काजळी आणि लाख. लाखेच्या बांगड्या करतात तीच लाख. ती एकदा वाळली की पाण्यात विरघळत नाही, अमोनियासारख्या अल्कलीत विरघळते. म्हणजे माझे पाण्याचे पाच दिवस फक्त वरची निळी काढण्यात गेले होते. नानांनी मुलाला काहीच म्हटलं नाही. थोड्या वेळाने मला म्हणाले, "मला वाटलं होतं माझाच हात जड झाला."

नवरा त्या दिवसापासून वाटीचं पाणी स्वतः बदलायचा. चार वेळा अमोनिया, मध्ये एकेक दिवस साधं पाणी. घाई मलाच होती. एका रात्री मी निबेवरचं टोपण पिरगाळायला घेतलं, तेही पक्कड हातात धरून. नणंदेने फोनवर ओरडून थांबवलं. टोपण लाखेनेच चिकटवलेलं असतं, थंड असताना जोर लावला तर तडकतं. सॅनिटायझर, स्पिरिटही नको, बरीच प्लॅस्टिकं त्याने चिरतात. गरम पाणीही नको. आपल्याकडची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं गरम पाण्यात तपकिरी पडतात.

बाराव्या दिवशी टिश्यू पांढरा निघाला आणि पेनाने चार ओळी लिहिल्या. चारच. पाचव्या ओळीला अक्षर फिकं, सहावीला कोरडं. अर्धा तास ठेवलं की परत चार ओळी.

इथे मी हरले आणि नानांचं ऐकलं. ते पार्करच्या क्विंक शाईच्या जुन्या खोक्यावरचा शब्द अजून म्हणतात: सॉल्व्ह-एक्स. पार्करने १९३१ मध्ये क्विंक बाजारात आणली तेव्हा जाहिरातच ही होती की हिच्यातलं सॉल्व्ह-एक्स लिहिता लिहिता पेन साफ करतं, आधीच्या शायांचा गाळ विरघळवतं. (त्याच वर्षी मुंबईत दांडेकरांनी हॉर्स ब्रँडच्या शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या, तीच कंपनी पुढे कॅमलिन झाली. नाना शाळेत असल्या वड्या दौतीत विरघळवायचे.) मी आणलेल्या क्विंकच्या खोक्यावर सॉल्व्ह-एक्स कुठे दिसलं नाही. तरी भरली. निळीच, धुता येणारी.

पहिल्या पानावर अक्षर निळं आलं नाही. काळपट, शेवाळी छटेचं. बाटलीत काडी बुडवून शेजारी रेघ मारली, ती स्वच्छ निळी. म्हणजे पेनातून शाईबरोबर आणखी काहीतरी येत होतं. पेन दोन दिवस तसंच भरलेलं ठेवलं, रोज एक पान लिहिलं, उरलेली शाई ओतून दिली, पुन्हा भरली. दुसऱ्या भरण्याला अक्षर काडीच्या जवळ आलं. तिसऱ्या भरण्याला माझी मुलगी पेनाची रेघ कुठली आणि काडीची कुठली ते सांगू शकली नाही, आणि पान संपलं तरी पेन थांबलं नाही.

नणंदेचं म्हणणं असं की यात जादू नाही. नुसतं पाणी बारीक फटीत शिरायला कां-कू करतं, त्याचा पृष्ठताण जास्त. शाईत तो कमी करणारे पदार्थ घातलेलेच असतात, कारण तिने नेमकं त्या फटीतूनच वाहायचं असतं. आणि आपण पाण्यात पेन फार तर अर्धा दिवस ठेवतो, शाई मात्र दिवसचे दिवस आत असते. उरलासुरला थर तिने काढला. पण लाख तिने काढली नसती, ती अमोनियानेच काढली. हे मी नानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तेच तर मी म्हणत होतो."

मात्र प्रत्येक शाईला हे जमत नाही. १९४१ मध्ये पार्करने याच पेनासाठी '५१' नावाची झटकन वाळणारी शाई काढली होती, ती इतकी जहाल की दुसऱ्या पेनात भरू नका असं स्वतःच बजावलं होतं. आणि लोह असलेल्या ब्लू-ब्लॅक शाया, पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅकसारख्या, पेनात वाळल्या तर त्यांचा गाळ अमोनियाला दाद देत नाही. त्यांना आम्ल लागतं, व्हिटॅमिन सीची पावडर पाण्यात विरघळवून घालतात. त्या गाळावर अमोनिया घालून बसू नका. कुठली शाई होती ते आधी घरच्यांना विचारा. घरचे खरं सांगतीलच असं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत गेलो. रांग दारापर्यंत. टेबलावर यादीचे गठ्ठे आणि सुतळीने बांधलेलं एक बॉलपेन. नानांनी खिशातून पार्कर काढलं, टोपी मागे लावली, नाव शोधलं आणि सही केली. पूर्ण, आडनावासकट, खाली रेघ ओढून. कागद प्रिंटरचा, हलका, त्यावर शाई थोडी फुटली आणि मागच्या पानावर उमटली. क्लार्क म्हणाला, "आजोबा, बॉलपेनने करायची हो." नाना त्या फुटलेल्या 'र'कडे बघत होते.

"पेन चांगलं आहे," ते म्हणाले, "कागद कुठून आणता तुम्ही?"