वी फिटच्या बोर्डावर ज्येष्ठांचा तोल : माझा अनुभव

वी म्हणजे निन्टेन्डोचा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओगेम, आणि वी फिट हा त्यावरचा, पायाखालच्या बोर्डावर उभं राहून खेळायचा व्यायामाचा खेळ. परदेशातल्या मुलाने कधीतरी आणलेला जुना वी कपाटातून निघतो आणि पहिला घात अडॅप्टर करतो. अमेरिकेतला अडॅप्टर १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला लावला की गेलाच. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. खेळाची डिस्कही मशिन जगाच्या ज्या भागातलं, तिथलीच लागते, अमेरिकन मशिनवर युरोपची चालत नाही.

नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा नसते, म्हणून एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्यात आणि टीव्हीच्या चित्र सुधारण्याच्या खटाटोपात चित्र किंचित उशिरा येतं. तरुणाला ते नुसतं खटकतं. पंचाहत्तरीतल्या माणसाने उजवीकडे भार दिला आणि पडद्यावर काही हललं नाही, तर तो आणखी झुकतो. म्हणून टीव्ही ‘गेम मोड’वर टाकल्याशिवाय आम्ही कोणालाही बोर्डावर चढवत नाही.

बोर्ड साधारण ५१ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच, चार एए सेलवर चालणारा. चार कोपऱ्यांतले सेन्सर भार मोजतात आणि त्यावरून तोलाचा मध्य कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. तो कडक, सपाट फरशीवर ठेवायचा. योगा मॅटवर डुगडुगतो. मशिन सांगेपर्यंत त्यावर पाय ठेवायचा नाही, नाहीतर शून्यच चुकीचं धरलं जातं. पाय अनवाणी. साडी असेल तर निऱ्या वर खोचलेल्या, किंवा सरळ पंजाबी ड्रेस.

खेळताना माणूस सहसा पडत नाही, उतरताना पडतो. डोळे पडद्यावर आणि पाय सवयीने मागे. म्हणून मागे भिंतीला टेकवलेली हातांची जड खुर्ची, पुढे वॉकर आणि बाजूला, थोडं मागे, घरातलं कोणीतरी. उतरायचं ते पुढेच, वॉकर धरून, अशक्त पाय आधी. खेळताना वॉकरला फक्त बोटं टेकवावीत. मूठ आवळली की भार वॉकरवर जातो आणि बोर्डाचं मोजमाप फसतं.

पहिल्या नोंदणीत मशिन वजन घेतं आणि ‘वी फिट वय’ जाहीर करतं. ‘मला म्हातारी म्हणतंय मेलं!’ म्हणून आजी रुसल्या की दिवस वाया जातो, तेव्हा हा भाग आधीच समजावून सांगावा. काही खेळ सुरुवातीला बंद असतात, खेळून मिनिटं जमली की उघडतात. ते काम नातवंडांकडे द्यावं.

सुरुवात टेबल टिल्टने. गोळी भोकात घालण्यासाठी पुढे-मागे, डावी-उजवीकडे सावकाश भार सरकवावा लागतो. मग पेंग्विन स्लाइड (डावी-उजवीकडे घसरत मासे पकडणं), मग स्की स्लॅलम (झेंड्यांमधून वळत बर्फावरून घसरणं). फुटबॉलला डोकं मारायचा खेळ वेगवान आहे; टेबल टिल्ट आधाराविना जमेपर्यंत तो नाही. दोरीवरून चालण्याच्या खेळात उडी घेण्याची नक्कल असते, तो ज्येष्ठांना देतच नाही. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं, मधे बसून विश्रांती.

ताजं ऑपरेशन, गरगरणं किंवा झोपलेल्यापेक्षा उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने उतरत असेल, तर आधी डॉक्टर.

आता गुणांबद्दल. खेळाचे गुण वाढतात तेव्हा निम्मं श्रेय खेळ समजल्याचं असतं. आणि बोर्डावर पाय हलत नाहीत. घरात माणूस पडतो तो वळताना, पाऊल टाकताना, ओल्या बाथरूममध्ये. त्यामुळे त्याच सत्रात खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं आणि ओट्याला हात लावून आडवं चालणं आम्ही घालतोच. मोजमापही बोर्डाबाहेर: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. सुरुवातीला आणि दर महिन्याला, तीच खुर्ची, त्याच चपला. बोर्डावरचे गुण चढले आणि ही वेळ हलली नाही, तर बोर्डावरची मिनिटं कमी करून चालण्याचा सराव वाढवतो.