यारिलोचे अनवाणी पाय

आज सुट्टी होती आणि ती सगळी यारिलोवर गेली. सकाळचा चहा टेबलावर तसाच निवला.

यारिलो म्हणजे स्लाव्ह लोकांचा वसंताचा, पेरणीचा, वंशवाढीचा देव. १९व्या शतकातल्या बेलारूसमधलं त्याचं एक वर्णन मिळतं: पांढऱ्या घोड्यावर पांढऱ्या कपड्यात यारिलो बनलेली तरुण मुलगी, डोक्यावर रानफुलांचा मुकुट, हातात राय धान्याच्या लोंब्या, पाय अनवाणी. तो पाऊल ठेवेल तिथे पीक उभं राहतं, असं गाण्यात म्हणायचे. या वर्णनावर अभ्यासक शंका घेतात, आणि ती रास्तच आहे. पण ते अनवाणी पाय काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

'यार' या धातूत वसंत आहे आणि उग्रपणाही. म्हणूनच बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लाव्हांच्या गेरोविट या देवाशी त्याचं नातं जोडतात. तिथल्या वोल्गास्ट गावच्या देवळात गेरोविटची सोन्याने मढवलेली ढाल होती, म्हणजे हा युद्धाचा देव. तरी ११२८ साली ख्रिस्ती धर्मप्रसारक बिशप ओटो तिथे येणार म्हटल्यावर त्याचा पुजारी पांढरी वस्त्रं घालून रानात लपला आणि वाटसरूला देव बनून म्हणाला, शेतांना गवत आणि झाडांना पानं मीच देतो!

रशियात उन्हाळ्याच्या तोंडाशी यारिलोची बाहुली पेटीत घालून पुरायचे, बायका धाय मोकलून रडायच्या. काहीजण याला नुसता वसंताचा निरोप म्हणतात. मला ते पटत नाही. शेतकरी माणूस मातीत काही पुरतो, ते पुन्हा उगवायला.

संध्याकाळी कुंडीत मेथी पेरली. बोटांना अजून माती आहे.