टेप दंडासाठी होता

येळ्ळूरच्या आक्का आल्या की ओली छत्री माझ्या दारातच उघडी ठेवतात, मग तोंड सोडतात. त्या दिवशी तक्रार पायाची होती. "काय ओ मॅडम, परवा उठाबशा काढायला लावलासा, डावी पोटरी धरलीया बघा."

आक्कांचं उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, केमो चालू. पहिल्यांदा आल्या तेव्हा घरचे त्यांना तांब्यासुद्धा उचलू देत नव्हते. केमोचा थकवा नुसतं झोपून जात नाही, हे घरच्यांच्या गळी उतरवणं हे आम्हा फिजिओथेरपिस्टचं निम्मं काम. 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी तशा साध्या आहेत: आठवड्यातून 3 वेळा अर्धा तास झपझप चालणं, 2 वेळा ताकदीचे व्यायाम. थकवा आणि उदासी उतरते. कुणी समोर उभं राहून करून घेतलं तर जास्तच. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढी खूण मी आक्कांना दिलेली. "मग भजनाचं काय?" हा त्यांचा प्रश्न.

उठाबशांनी पोटऱ्या धरतात, पण दोन्ही. मी पाय बघायला मागितला. डावी पोटरी तकतकीत, हाताला गरम. स्तनाच्या ऑपरेशननंतर दंडाला येणारी सूज मोजायचा टेप पायाला लावला. उजवीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर जास्त.

"रात्री सुनेनं तेल लावून चांगली रगडली की," आक्का म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. कॅन्सर आणि केमो, दोन्हींत रक्त गोठायचा धोका वाढतो. शिरेतली गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात. व्हीलचेअर मागवली तशा आक्का भडकल्या. "येळ्ळूरपासनं उभ्यानं आले बसमधनं, आन आता गाडीत बसवतासा?"

डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, गुठळी दिसलीच. रक्त पातळ करायचं औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं.

सून बाहेर रडत होती. तिची काय चूक? सुजलेला दंड चोळू नका, हे मी त्या घराला दहादा सांगितलं होतं. पायाबद्दल एकदाही नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आक्का परत आल्या, रोप लावणी हुकल्याचा राग धरूनच. छत्री दारात उघडली, खुर्चीत बसल्या, लुगडं वर घेऊन दोन्ही पाय पुढे केले.

"आधी मापं घ्या. मग काय त्या उठाबशा."